आरंभीच्या अमेरिकी चित्रकलेत ग्रीक-रोमन देवदेवता इतक्या क्वचित का दिसतात?

मृण्मयी

गेल्या वर्षी मुलीकडे न्यू यॉर्कला काही महिने राहिले होते. त्या मुक्कामात मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एका चित्रापाशी पाय थबकले आणि तेव्हापासून मनात घोळत राहिलेला प्रश्न आज येथील जाणकारांपुढे ठेवत आहे. चित्र बॉस्टनच्या जॉन सिंगलटन कॉप्लीचे, १७५४ च्या सुमाराचे, आणि त्याचा विषय आहे समुद्रदेव नेपच्यूनचे परतणे. शिंपल्याच्या रथात बसलेला देव, रथाला जुंपलेले घोडे, लाटांतून वर आलेले जलपुरुष आणि गुटगुटीत बालके असा सगळा परिवार अडीच हात रुंदीच्या कॅनव्हासवर दाटीवाटीने बसवलेला आहे. कॉप्लीचा जन्म १७३८ चा, म्हणजे हे काम करताना तो फार तर सोळा वर्षांचा होता आणि युरोप त्याने अजून पाहिलाही नव्हता.

त्यानंतर त्याच काळातील इतर अमेरिकी चित्रे पाहत गेले, तेव्हा व्यापारी, त्यांच्या पत्नी, जहाजांचे कप्तान आणि धर्मोपदेशक यांची व्यक्तिचित्रेच एकामागून एक दिसत राहिली. देव आणि देवता जवळजवळ नाहीतच. असे का व्हावे? प्युरिटन पंथाच्या लोकांना चित्रे वर्ज्य होती, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. व्यक्तिचित्रे तर ते हौसेने काढून घेत होते. शिवाय त्यांच्या मुलांना हार्वर्डला जायचे तर लॅटिन आणि ग्रीक आल्यावाचून प्रवेश मिळत नसे, त्यामुळे व्हर्जिल आणि ओव्हिड हे रोमन कवी त्या घरांतून वाचले जात होतेच. जी कथा पोराने पाठ म्हणून वाचलेली चालते, ती भिंतीवर टांगलेली का चालू नये? आणि याला जोडूनच दुसरा प्रश्न असा, की ज्या गावात अशी चित्रे नव्हती, तिथल्या सोळा वर्षांच्या मुलाला हा नेपच्यून सापडला तरी कुठे?

छापखाना

मृण्मयीताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो माझ्या विषयातला आहे; मी तीस वर्षे मुद्राचित्रण शिकवले.

कॉप्लीचा नेपच्यून तांब्याच्या पत्र्यावरून आला आहे. आंद्रेआ कासाली नावाच्या इटालियन चित्रकाराच्या चित्रावरून सिमों फ्रांस्वा राव्हने याने एक एनग्रेव्हिंग, म्हणजे पत्र्यावर रेषा कोरून छापलेले चित्र, केले होते, त्याची छापील प्रत बॉस्टनला पोचली आणि मुलाने ती समोर ठेवून तैलरंगात उतरवली. त्याच सुमारास त्याने समुद्रकन्या गॅलेटिआचे चित्र केले, तेही व्हेनिसच्या ग्रेगोरिओ लाझारिनीच्या चित्रावरून निघालेल्या एनग्रेव्हिंगवरून. युद्धदेव मार्स, प्रेमदेवता व्हीनस आणि लोहारदेव व्हल्कन यांचेही एक चित्र त्याच काळातले आहे. म्हणजे वर्षा-दीड वर्षाच्या अवधीत हा मुलगा पुराणकथांच्या मागेच लागला होता.

ही छापील चित्रे त्याच्या हाताशी होती याचे कारण त्याच्या घरात आहे. वडील लवकर गेले, आई बॉस्टनच्या धक्क्यावर तंबाखूचे दुकान चालवीत असे, आणि १७४८ मध्ये तिने पीटर पेलम या लंडनहून आलेल्या मेझोटिंट करणाऱ्या कारागिराशी दुसरे लग्न केले. मेझोटिंटमध्ये तांब्याचा पत्रा आधी दातेरी रॉकरने सगळीकडून खरखरीत करून घेतात, इतका की तसाच छापला तर मखमलीसारखा गर्द काळा उमटावा, आणि मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा घासून गुळगुळीत करत जातात. म्हणजे अंधारातून उजेड बाहेर काढण्याचे हे तंत्र आहे. ज्या मुलाने दहा ते तेरा या वयात हे काम घरात चाललेले पाहिले, त्याच्या पुढच्या व्यक्तिचित्रांत काळ्याभोर पार्श्वभूमीतून चेहरा आणि हात झगझगीत पुढे येतात, याचे मला कधीच नवल वाटले नाही. पेलम १७५१ मध्ये वारला. त्याच वर्षी जॉन स्मायबर्टही वारला, आणि त्याचे नाव घेतल्यावाचून बॉस्टनची गोष्ट पुरी होत नाही.

स्मायबर्ट हा स्कॉटलंडचा चित्रकार. इटलीत राहून आलेला. १७२९ मध्ये तो अमेरिकेत उतरला आणि बॉस्टनला स्थायिक झाला. चित्रे काढण्याबरोबरच तो रंग आणि छापील चित्रे विकत असे, आणि त्याच्या कामाच्या खोलीत इटलीत स्वतः केलेल्या जुन्या उस्तादांच्या नकला आणि मेदिची व्हीनस या प्रसिद्ध नग्न पुराणमूर्तीची प्लास्टरची प्रतिकृती होती. त्याच्या माघारी ती खोली बरीच वर्षे तशीच राहिली. चित्रकार चार्ल्स विल्सन पील ती पाहून गेला आणि १७७८ मध्ये जॉन ट्रम्बुल हा चित्रकार तर तीच खोली भाड्याने घेऊन राहिला. बोटीचे भाडे नसलेल्या अमेरिकी मुलांसाठी युरोप होता तो एवढाच, एका खोलीपुरता.

आता ज्या गोष्टीसाठी हे चित्र मला प्रिय आहे, ती सांगतो. एनग्रेव्हिंगमध्ये रंग नसतो. मांडीचा गोलावा, घोड्याच्या मानेवरची शीर, लाटेचा वळसा हे सर्व बारीक-जाड रेषांच्या वळणातून सांगितलेले असते. पण नेपच्यूनच्या खांद्यावरचे वस्त्र तांबडे की निळे, समुद्राचे पाणी उन्हाचे की पावसाळ्यातले, हे कागद सांगत नाही. ते सर्व या मुलाने स्वतः ठरवले. मी विद्यार्थ्यांना कधी कधी जुन्या एनग्रेव्हिंगची प्रत देऊन त्यावरून रंगचित्र करायला सांगत असे. आकार बहुतेकांना जमे, पण अंगाचा रंग हटकून पिठासारखा पांढुरका किंवा विटेसारखा लाल होई, कारण सावलीच्या रेषा पाहून ते काळा रंग मिसळत आणि खरी सावली कधी हिरवट तर कधी जांभळट असते, हे कागदावर दिसत नसे. कॉप्लीलाही हे अवघड गेलेले दिसते. पण प्रयत्न पाहावा. १७५६ मध्ये त्याने शरीररचनेच्या पुस्तकांवरून स्नायू आणि हाडे यांची रेखाटने करून एक वहीच तयार केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्या गावात उघडे मॉडेल मिळणे शक्य नव्हते, तिथे हा मुलगा देव रंगवता यावेत म्हणून कातडीच्या आत काय असते ते कागदावरून शिकत होता.

आपल्याकडे याच्या उलट घडले. राजा रविवर्म्याची चित्रे आधी झाली आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाल्यावर त्यांच्या ओलिओग्राफ प्रती घरोघर गेल्या. बॉस्टनला छापील प्रत आधी आली आणि तिच्यावरून चित्र झाले. म्हणून तिथल्या पुराणचित्राला पहिल्यापासून एक उसनेपणा चिकटला, आणि कॉप्लीला त्याची पुरेपूर जाणीव होती. पुढे एका पत्रात त्याने लिहिले आहे की लोकांचे चेहरे जपून ठेवायचे नसते तर या गावात चित्रकला ठाऊकही झाली नसती, आणि इथले लोक तिला सुताराच्या किंवा शिंप्याच्या धंद्यासारखा एक उपयोगी धंदा समजतात.

एक पुरवणी: कॉप्ली हा पहिला नव्हे. स्वीडनहून १७१२ मध्ये आलेल्या गुस्ताव्हस हेसेलियसने मद्यदेव बॅकस आणि आरिआड्नी यांचे एक आणि बॅकसच्या मद्योत्सवाचे एक अशी दोन चित्रे त्याच्या कितीतरी आधी केली होती. पहिले आज डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे, दुसरे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमी या कलासंस्थेत.

दूरदेशी

छापखाना यांनी आरिआड्नीचे नाव काढले म्हणून लिहिण्याचा धीर करते. मी फिलाडेल्फियाजवळ राहते आणि पेनसिल्व्हेनिया अकॅडमीत मी वरचेवर जाते ती जॉन व्हँडरलिनच्या आरिआड्नीसाठी. मृण्मयीताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या एका चित्राच्या चरित्रात बरेचसे आहे, असे मला वाटते.

कथा थोडक्यात अशी. क्रीटच्या राजकन्येने थीसियसला चक्रव्यूहातून बाहेर पडण्यासाठी दोरा दिला, त्याच्याबरोबर ती पळून आली, आणि नॅक्सॉस बेटावर ती झोपलेली असताना तो तिला तशीच सोडून निघून गेला. व्हँडरलिनने नेमका तो क्षण घेतला आहे. चित्र साडेपाच फुटांहून उंच आणि सात फुटांहून रुंद आहे. झाडांच्या दाट सावलीत, लाल आणि पांढऱ्या वस्त्रावर ती पहुडलेली आहे, हात डोक्यामागे गेलेला, अंगावर एका झिरझिरीत पदराखेरीज काही नाही. पहिल्या भेटीत माणूस एवढेच पाहून पुढे जातो. दुसऱ्या भेटीत माझी नजर उजवीकडे दूर किनाऱ्याकडे गेली. तिथे करंगळीच्या नखाएवढी माणसे आणि एक गलबत आहे. तो निघाला आहे. तेव्हापासून मला ते चित्र नग्नतेचे वाटेनासे झाले आणि विश्वासघाताचे वाटू लागले. तिचा चेहरा शांत आहे, कारण तिला अजून काहीच ठाऊक नाही. जे घडले ते फक्त पाहणाऱ्याला दिसते आहे.

व्हँडरलिन न्यू यॉर्क राज्यातल्या किंग्स्टनचा. ॲरन बर या राजकारणी पुरुषाच्या पाठबळावर तो १७९६ मध्ये पॅरिसला गेला, जेव्हा बहुतेक अमेरिकी चित्रकार लंडनची वाट धरत. कार्थेजच्या भग्नावशेषांत बसलेला रोमन सेनापती मारियस हे त्याचे चित्र १८०८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात आले आणि त्याला नेपोलियनचे सुवर्णपदक मिळाले. आरिआड्नी त्याने पुढच्या काही वर्षांत पॅरिसमध्येच रंगवली. १८१५ मध्ये मायदेशी परतताना त्याची मोठी आशा या चित्रांवर होती, आणि ती फळली नाही. लोक पैसे देऊन आरिआड्नी पाहायला आले, कुजबुजले, नाके मुरडली, आणि विकत घ्यायला कोणी पुढे आले नाही. शेवटी १८३१ मध्ये ॲशर ड्युरंड या एनग्रेव्हिंग करणाऱ्या चित्रकाराने ती घेतली आणि १८३५ मध्ये तिचे एनग्रेव्हिंग प्रसिद्ध केले. व्हँडरलिन १८५२ मध्ये आपल्या जन्मगावी विपन्नावस्थेत वारला. चित्र अकॅडमीकडे आले ते १८७८ मध्ये.

हे घडेल याची त्याला कल्पना नव्हती असे मात्र नाही. आरिआड्नीच्या आधी त्याने कोरेज्जो या इटालियन चित्रकाराच्या नग्न अँटिओपीची एक नक्कल केली होती, आणि तिच्याविषयी १८०९ मध्ये पत्रात त्याने लिहिले की अमेरिकेच्या सोवळ्या लोकांना हा विषय कोणाच्या घरात टांगण्याइतका शुद्ध वाटणार नाही, परंतु त्याच कारणाने सार्वजनिक ठिकाणी तो मांडला तर गर्दी होईल. माझ्या मते हे वाक्य साऱ्या प्रश्नाची किल्ली आहे. युरोपात अशी चित्रे राजवाड्यात आणि सरदारांच्या खासगी दालनात लागत, जिथे कोणी पाहावे हे मालक ठरवी. अमेरिकेत राजवाडा नव्हता, दरबार नव्हता. घरातली भिंत ही दिवाणखान्याची भिंत होती, तिथे बायकामुले आणि पाहुणे एकत्र बसत. उरला तिकीट लावून भरवलेला खेळ, आणि तिथे गेले की चित्राची कथा मागे पडून शरीरच पुढे येत असे.

फिलाडेल्फियातलेच आणखी पुरावे सांगते. रॉबर्ट एज पाइन या इंग्रज चित्रकाराने १७८४ मध्ये येथे मेदिची व्हीनसची प्लास्टरची प्रतिकृती आणली, पण ती त्याला पेटीत बंद ठेवावी लागे आणि ज्यांना खास पाहायची असेल त्यांनाच तो दाखवी, अशी नोंद जोसेफ हॉपकिन्सन यांच्या १८१० मधील भाषणात आहे. स्वीडिश चित्रकार आडॉल्फ उलरिक व्हेर्टम्युलरने पॅरिसमध्ये १७८७ साली रंगवलेली डॅनाए, जिच्यावर ज्युपिटर सोन्याचा पाऊस होऊन बरसतो, ती त्याने १८०६ मध्ये येथे तिकीट लावून मांडली आणि त्यावर चांगली कमाई केली. अकॅडमीची स्थापना १८०५ ची. पॅरिसहून पुराणमूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती मागवल्या तेव्हा सोमवार हा दिवस खास स्त्रियांसाठी राखला होता, म्हणजे स्त्रीपुरुषांना अपोलोच्या उघड्या मूर्तीसमोर एकत्र उभे राहावे लागू नये. फ्रान्सिस ट्रोलोप ही इंग्रज लेखिका १८३० मध्ये या दालनाच्या दाराशी आली, तेव्हा तिथल्या बाईने तिला सांगितले की हीच वेळ आहे, आत कोणी नाही, तुम्हाला कोणी पाहणार नाही, लवकर जा. तिने हे संतापून लिहून ठेवले आहे, आणि तिचा संताप मला अगदी योग्य वाटतो. लज्जास्पद काही होते तर ते त्या मूर्तींत नव्हते, चोरून पाहायला लावण्यात होते.

हेमाडपंती

दूरदेशी यांचे विवेचन मनाला भिडले. तरीही एक मतभेद नोंदवावासा वाटतो. लज्जा हे कारण खरे आहे, पण केवळ त्यावर सारा भार टाकला तर एक मोठी गोष्ट नजरेआड होते. ग्रीक-रोमन देवता अमेरिकेत सर्वत्र होत्या. त्या फक्त कामाला जुंपलेल्या होत्या. ज्या देवतेला राष्ट्राचे काही काम करता येत होते, तिचे स्वागत झाले, आणि जी केवळ स्वतःची कथा घेऊन आली, ती दाराबाहेर राहिली.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर दीड महिनाही उलटला नसताना, ऑगस्ट १७७६ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स आपल्या पत्नीला लिहितात की नव्या राष्ट्राच्या मुद्रेसाठी त्यांनी हर्क्युलिसचे चित्र सुचवले आहे: तरुण हर्क्युलिस गदेवर रेललेला, एका बाजूला सद्गुण त्याला डोंगराची चढण दाखवीत आहे आणि दुसऱ्या बाजूला सुखलोलुपता फुलांच्या वाटेवर लोळत आहे. हे चित्रही ॲडम्सना एका पुस्तकातील एनग्रेव्हिंगवरूनच ठाऊक होते, म्हणजे छापखाना यांचे म्हणणे येथेही लागू पडते. मुद्रा म्हणून ते स्वीकारले गेले नाही. पण १७८३ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन यांनी पॅरिसमध्ये जे पदक पाडून घेतले, त्यावर पाळण्यातला हर्क्युलिस दोन साप आवळून मारतो आहे. ते साप म्हणजे सॅराटोगा आणि यॉर्कटाउन येथे शरण आलेल्या दोन इंग्रज फौजा, आणि बाळाचे रक्षण करणारी ज्ञानदेवता मिनर्व्हा म्हणजे फ्रान्स. एडवर्ड सॅव्हेजने १७९६ मध्ये यौवनाची देवता हीबी हिला स्वातंत्र्यदेवता करून गरुडाला पेला पाजताना दाखवले. त्या छापील चित्राच्या इतक्या नकला झाल्या, की शाळकरी मुलींनी ते रेशमावर भरतकामात काढले आणि चिनी कारागिरांनी काचेच्या मागच्या बाजूने रंगवून ते विकले. दिवाणखान्याच्या भिंतीवर देवता चालत नव्हती असे कसे म्हणावे? अंगभर वस्त्र नेसलेली आणि हाती राष्ट्राचे काम असलेली चालत होती.

बेंजामिन वेस्टचे उदाहरण याच अंगाने पाहावे. पेनसिल्व्हेनियातला हा मुलगा १७५६ च्या सुमारास लँकॅस्टरमध्ये विल्यम हेन्री या बंदुका बनवणाऱ्याच्या सांगण्यावरून सॉक्रेटिसचा मृत्यू रंगवतो. बंदुकीच्या कारागिराने सॉक्रेटिस मागावा, याहून त्या समाजाच्या वाचनाची दुसरी साक्ष कोणती हवी? पण त्याने व्हीनस मागितली नाही. नीतीचा धडा मागितला. पुढे १७६० मध्ये रोमला जाऊन वेस्टने व्हॅटिकनमधला अपोलो पाहिला आणि त्याच्या तोंडून निघाले की हा तर अगदी तरुण मोहॉक योद्ध्यासारखा आहे, अशी कथा त्याच्या चरित्रकाराने दिली आहे. वेस्टने व्हीनस आणि ॲडॉनिस रंगवले, थेटिस आणि अकिलीस रंगवले, पण ते सर्व लंडनमध्ये, आणि तो पुन्हा अमेरिकेत आला नाही. कॉप्लीनेही १७७४ मध्ये देश सोडला तो कायमचाच.

आणखी एक गोष्ट, जी चित्रांच्या पुस्तकात सहसा एका ओळीत उरकली जाते आणि जिच्यावर थांबले पाहिजे असे मला मनापासून वाटते. ज्यूपिटर, व्हीनस, सीझर, पाँपी, स्किपिओ ही नावे अमेरिकी घरांत रोज हाक मारून घेतली जात होती, कारण मालकांनी ती आपल्या गुलामांना दिलेली होती. थॉमस जेफरसन यांच्या वैयक्तिक सेवेतल्या गुलामाचे नाव ज्यूपिटर होते. देवाचे नाव द्यायचे आणि माणूसपण काढून घ्यायचे, असा तो व्यवहार होता. आणि त्याच बॉस्टनमध्ये, जिथे कॉप्लीने नेपच्यून रंगवला, फिलिस व्हीटली ही आफ्रिकेतून लहानपणी पकडून आणलेली मुलगी लॅटिन शिकली. १७७३ मध्ये लंडनला छापलेल्या तिच्या संग्रहात नायोबीवर एक दीर्घ कविता आहे, आणि तिच्या शीर्षकातच तिने सांगितले आहे की ही ओव्हिडच्या सहाव्या सर्गावरून आणि रिचर्ड विल्सन यांच्या चित्रावरून रचली. जिची सगळी मुले देवांनी एका दिवसात मारली त्या आईचे चित्र, जिला आईपासून तोडून आणले त्या मुलीने पाहिले. त्याच संग्रहात एका तरुण आफ्रिकी चित्रकारालाही तिने कविता वाहिली आहे. तो स्किपिओ मूरहेड असल्याचे मानले जाते. त्याचेही नाव रोमन सेनापतीचेच. आरंभीच्या अमेरिकेत पुराणकथा कोणी जिवंतपणे अनुभवली असे मला विचाराल, तर मी कॉप्ली किंवा व्हँडरलिन यांच्या आधी तिचे नाव घेईन.

मृण्मयी

आपणा तिघांची मनःपूर्वक आभारी आहे. व्हीटलीविषयी वाचून काही वेळ पुढे वाचवेना. दूरदेशी, आपण सांगितलेले गलबत मी छापील चित्रात शोधले. सांगितले नसते तर दिसले नसते.

एक शंका उरते. हेमाडपंती म्हणतात तसे राष्ट्राचे काम करणाऱ्या देवतांचे स्वागत होत असेल, तर तारायंत्राच्या सॅम्युएल मोर्सने रंगवलेल्या हर्क्युलिसचे काय झाले? मोर्स मूळचा चित्रकार होता हे मला याच शोधात कळले. हर्क्युलिस पुरुष आहे, पराक्रमी आहे, ॲडम्स यांचाही आवडता आहे. मग तो तरी विकला गेला का?

छापखाना

नाही, विकला गेला नाही, आणि त्याची हकिगत दूरदेशी आणि हेमाडपंती या दोघांच्याही म्हणण्याला थोडी मुरड घालते.

मोर्स १८११ मध्ये चित्रकार वॉशिंग्टन ऑलस्टनबरोबर लंडनला गेला. मरणोन्मुख हर्क्युलिस रंगवायचा असे ठरल्यावर त्याने थेट कॅनव्हासला हात घातला नाही; आधी मातीत मूर्ती घडवली, कारण पिळवटलेल्या शरीरावर उजेड कसा पडतो हे त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. आम्हीही कलाशाळेच्या पहिल्या वर्षी प्लास्टरच्या ग्रीक डोक्यांसमोर बसून दिवा फिरवत सावल्या शिकलो, त्यामुळे ही पद्धत मला फार जवळची वाटते. त्या मूर्तीच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीला १८१३ मध्ये लंडनमध्ये सुवर्णपदक मिळाले आणि सुमारे आठ फूट उंचीचे चित्र रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले. विषारी वस्त्र अंगाला चिकटले आहे, ते सोलून काढता येत नाही, आणि जगातले सर्वांत बलदंड शरीर वेदनेने वाकले आहे. यानंतर त्याने ज्युपिटरचा निवाडा रंगवायला घेतला, ज्यात मार्पेसा हिला अपोलो आणि मर्त्य ईडास यांच्यातून एकाची निवड करायची असते आणि ती माणसाला निवडते. तो अकॅडमीच्या पारितोषिकासाठी होता, परंतु स्पर्धकाने स्वतः हजर राहण्याचा नियम होता आणि १८१५ मध्ये त्याला घरी परतावे लागले.

बॉस्टनला त्याने चित्रे मांडली. लोक आले, वाखाणणी झाली आणि कोणी मोठे चित्र मागितले नाही. मग तो न्यू हॅम्पशरमध्ये गावोगाव फिरून पंधरा डॉलरला एक याप्रमाणे चेहरे रंगवू लागला. येथे लज्जेचा अडसर नव्हता, कारण पुरुषाच्या वेदनाग्रस्त देहावर कोणी नाके मुरडली नसती. आणि हर्क्युलिस हे राष्ट्राचे मान्य प्रतीक होते. अडसर साधा होता: आठ फुटी कॅनव्हास लागेल अशी भिंत आणि तेवढे पैसे देणारा आश्रयदाता. संसदेच्या इमारतीत, म्हणजे कॅपिटॉलमध्ये, तशा भिंती होत्या, पण तिथे जागा मिळाली ती देशाच्या इतिहासाला. व्हँडरलिनलाही अखेर तिथे काम मिळाले ते कोलंबसच्या आगमनाचे. आश्रयदात्याचे कारण मला सर्वांत वजनदार वाटते, आणि बाकीची दोन त्याच्यावर येऊन बसतात.

मोर्सची पुढची गोष्ट आपणास ठाऊकच आहे; त्याने कुंचला खाली ठेवला आणि १८४४ मध्ये कॅपिटॉलमधून बाल्टिमोरला तारेने पहिला संदेश धाडला. हर्क्युलिस आज येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे, जिथे मोर्स शिकला होता.

दूरदेशी

छापखाना, आपण कॅपिटॉलचे नाव काढले म्हणून एवढे जोडते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही वॉशिंग्टनला गेलो, तेव्हा घुमटाखाली मान वर करून बराच वेळ उभे होतो. कॉन्स्टँटिनो ब्रुमिडी या रोममध्ये जन्मलेल्या चित्रकाराने १८६५ मध्ये तिथे भित्तिचित्र पूर्ण केले, जमिनीपासून एकशे ऐंशी फूट उंचीवर. मधोमध जॉर्ज वॉशिंग्टन ढगांत बसलेले आहेत आणि कडेने देवदेवता कामात गढल्या आहेत: धान्यदेवता सीरीझ कापणीच्या यंत्रावर बसली आहे, व्हल्कन तोफेपाशी उभा आहे, व्यापारदेव मर्क्युरी पैशाची थैली देतो आहे. हेमाडपंतींचे म्हणणे इतक्या उंचीवर इतक्या ठसठशीतपणे लिहिलेले असेल, असे मला वाटले नव्हते.

मिनर्व्हा जिथे शिकवते आहे तिथे ऐकणाऱ्यांत फ्रँकलिन आणि आगबोटवाला फुल्टन यांच्याबरोबर मोर्स आहे. चित्र झाले तेव्हा तो हयात होता. आणि घुमटाच्या सागरी भागात नेपच्यूनबरोबर व्हीनस आहे, जिच्या प्लास्टरच्या मूर्तीला आमच्या गावात पेटीत राहावे लागले होते. तिने दोन्ही हातांत अटलांटिकच्या तळाशी टाकायची तारायंत्राची केबल धरलेली आहे.